डॉ. के. वेंकटरामन : रंगरसायनाचा जमाखर्च

शाळेच्या भिंतीवर शास्त्रज्ञांच्या चित्रांची एक रांग असते आणि प्रत्येक चित्राखाली चार-पाच ओळींचे चरित्र असते. जन्मसाल, जन्मगाव, परदेशातील पदवी, एक शोध, दोन-तीन सन्मान आणि मृत्यूचे साल. विज्ञानदिनाच्या भाषणात विद्यार्थी हेच पाठ म्हणतात. नाव बदलले तरी भाषण बदलत नाही. ज्या साच्यात कोणीही बसतो त्या साच्यातून कोणाविषयीच काही कळत नाही, असा या चरित्रलेखनावर माझा आक्षेप आहे.

आक्षेप नुसता मांडून भागत नाही, तो एखाद्या उदाहरणावर तपासावा लागतो. येथे त्यासाठी डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१-१९८१) यांची निवड केली आहे. भारतात कार्बनी रसायनशास्त्राच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे स्थान वरचे आहे आणि त्यांच्या कार्याचा मोठा काळ मुंबईत व पुण्यात गेला. शिवाय वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावात विज्ञान शिकवणाऱ्याला त्यांचे रसायनशास्त्र शिवारातच सापडते. संत्र्याच्या सालीत आणि पळसाच्या फुलात जी संयुगे आहेत, त्यांच्याच कुळाचा अभ्यास वेंकटरामन यांनी आयुष्यभर केला.

साच्यातले चरित्र

प्रथम साच्यातले चरित्र पाहू. वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी मद्रासला झाला. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. परतल्यावर काही वर्षे ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात शिकवत होते. १९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. हाच विभाग पुढे 'युडीसीटी' या नावाने गाजला आणि आज तो 'रसायन तंत्रज्ञान संस्था' म्हणून माटुंग्याला उभा आहे. १९३८ मध्ये वेंकटरामन त्या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९५७ ते १९६६ या काळात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. तेथेही पहिले भारतीय. १९६१ मध्ये पद्मभूषण. १२ मे १९८१ रोजी निधन.

यातील एकही वाक्य खोटे नाही. पण या माणसाने कोणता प्रश्न हाती घेतला, तो कसा सोडवला, त्यात कोण सोबत होते, त्याचे बरेवाईट परिणाम काय झाले, यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता या परिच्छेदातून लागत नाही. 'पहिले भारतीय' हे शब्द दोनदा आले आहेत आणि बहुतेक भाषणे तेथेच टाळ्या घेऊन थांबतात.

सालीतला आणि फुलातला पदार्थ

व्होलरने १८२८ मध्ये युरिया बनवला, हे वाक्य विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याच वर्षी लब्रेताँ या फ्रेंच संशोधकाने संत्र्याच्या जातीच्या फळाच्या सालीतील पांढऱ्या भागातून एक पदार्थ वेगळा केला. त्याचे नाव हेस्पेरिडिन. हा पदार्थ आपल्या नागपुरी संत्र्याच्या सालीत भरपूर असतो. त्याच सालीत नोबिलेटिन आणि टँजेरेटिन नावाची आणखी दोन संयुगे असतात. पळसाच्या फुलात ब्युट्रिन व त्याचे भाईबंद असतात. होळीला आपण फुले उकळून जो रंग काढतो तो त्यांचाच.

ही सगळी संयुगे एका घराण्यातली आहेत. दोन बेंझिन वलये आणि त्यांना जोडणारी तीन कार्बनची साखळी, म्हणजे एकूण पंधरा कार्बनचा सांगाडा. या घराण्याला फ्लेव्होनॉइड म्हणतात. मधल्या तीन कार्बनची मांडणी थोडी बदलली की फ्लेव्होन, फ्लेव्हॅनोन, चाल्कोन अशी वेगवेगळी उपकुळे तयार होतात. (संत्र्याच्या सालीचा बाहेरचा केशरी रंग मात्र यांचा नव्हे; तो गाजरातल्या रंगाच्या, म्हणजे कॅरोटिनॉइडच्या घराण्यातला. वर्गात येथे हमखास गल्लत होते.)

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत रसायनशास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता तो असा. वनस्पतीतून पदार्थ वेगळा करता येतो, त्याचे पृथक्करण करून अंदाजे रचनाही मांडता येते. पण मांडलेली रचना बरोबर आहे हे सिद्ध कसे करायचे? आजच्यासारखी रेणूचे 'चित्र' दाखवणारी यंत्रे तेव्हा नव्हती. ज्याची रचना ठाऊक आहे अशा साध्या पदार्थांपासून एकेक पायरी चढत तोच रेणू प्रयोगशाळेत बांधायचा आणि तो मूळ पदार्थाशी ताडून पाहायचा, ही त्या काळची सर्वांत भक्कम कसोटी होती. म्हणून फ्लेव्होन बांधण्याची सोपी व खात्रीची रीत मिळणे फार महत्त्वाचे होते.

१९३३ सालचा शोध

वेंकटरामन यांनी लाहोरला असताना अशी रीत शोधली. ती विद्यार्थ्यांना समजेल अशा शब्दांत सांगता येते. एका बेंझिन वलयावर दोन गट शेजारी शेजारी आहेत : एक हायड्रॉक्सिल, दुसरा ॲसिटिल. हायड्रॉक्सिलच्या ऑक्सिजनवर बेंझॉइल नावाचा गट चढवला की एक एस्टर तयार होते. आता त्यावर प्रबळ आम्लारीची क्रिया केली की शेजारच्या ॲसिटिल गटातील टोकाचा कार्बन एक हायड्रोजन गमावतो, ऋणभारित होतो आणि बेंझॉइल गटाला आपल्याकडे ओढून घेतो. बेंझॉइल गट ऑक्सिजनवरून उठून कार्बनवर जाऊन बसतो. नंतर आम्ल घातले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, वलय मिटते आणि फ्लेव्होन तयार होते.

यातली मेख 'शेजारी शेजारी' या शब्दांत आहे. दोन गट वलयाच्या समोरासमोरच्या टोकांना असते तर हात पोचला नसता आणि ही अदलाबदल घडली नसती. रेणूला आकार असतो, त्याच्या भागांमध्ये अंतर असते, आणि अभिक्रिया होणार की नाही हे त्या अंतरावर ठरते. कागदावरच्या सूत्रांकडे केवळ अक्षरे म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे कळले तरी कार्बनी रसायनशास्त्राचे दार उघडते.

आज ही अभिक्रिया 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' म्हणून जगभर शिकवली जाते. बेकर म्हणजे ऑक्सफर्डचे विल्सन बेकर. त्यांनीही स्वतंत्रपणे १९३३ मध्येच हा शोध लंडनच्या रसायनशास्त्रीय नियतकालिकात मांडला. लाहोरचे टिपण त्याच वर्षी बंगलोरच्या 'करंट सायन्स'मध्ये आले. ते नियतकालिक १९३२ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे जेमतेम दुसऱ्या वर्षात होते. सविस्तर निबंध १९३४ मध्ये लंडनला छापून आला.

येथे साच्यातल्या चरित्राचा एक दोष उघड होतो. लाहोरच्या त्या टिपणावर दोन नावे आहेत, आणि पहिले नाव एच. एस. महाल यांचे आहे. १९३४ च्या निबंधावरही तसेच. पण अभिक्रियेच्या नावात महाल नाहीत, पाठ्यपुस्तकांत नाहीत आणि शाळेच्या भिंतीवर तर नाहीतच. वेंकटरामन यांनी ते नाव लपवले असे मुळीच नाही; त्यांनी तर ते पुढे छापले. विसरलो ते आपण. शोध एकट्या माणसाच्या डोक्यात चमकतो असे चित्र आपल्याला आवडते, म्हणून सोबतचे हात आपण पुसून टाकतो. उद्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा महालांचीच जागा येणार आहे. तिचे मोल त्याला शाळेतच कळायला नको का?

चौदाशे पानांचा ग्रंथ

माझ्या मते वेंकटरामन यांचे सर्वांत मोठे काम हे त्यांच्या नावाची अभिक्रिया नसून त्यांचा ग्रंथ आहे. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील हा इंग्रजी ग्रंथ १९५२ मध्ये न्यूयॉर्कहून दोन खंडांत प्रसिद्ध झाला. दोन्ही मिळून सुमारे चौदाशे पाने. पुढे १९७० ते १९७८ या काळात त्यांच्याच संपादनाखाली आणखी सहा खंड निघाले आणि हे काम आठ खंडांचे झाले.

या ग्रंथाचे महत्त्व कळण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहावा लागतो. पर्किन या इंग्रज तरुणाने १८५६ मध्ये पहिला व्यापारी कृत्रिम रंग बनवला, परंतु या धंद्यावर पकड बसली ती जर्मनीची. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातील निळीची शेती पाहता पाहता कोसळली. १९१७ चा चंपारण्याचा लढा याच मरणपंथाला लागलेल्या निळीच्या मळ्यांवरचा. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या कापड देशात विणत, पण त्यावर चढणारा रंग मुख्यतः परदेशातून येई. रंग कसा बनतो याचे ज्ञान कारखान्यांच्या कुलपात होते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाल्यावर दोस्त राष्ट्रांची तज्ज्ञ-पथके जर्मन रंगकारखान्यांत गेली. तेथील कृती, प्रमाणे, तापमाने टिपून त्यांनी अहवाल छापले. कुलूप उघडले खरे, पण आत अस्ताव्यस्त ढीग होता. वेंकटरामन यांनी ते अहवाल, एकस्वांची कागदपत्रे आणि विखुरलेले संशोधन-निबंध एकत्र वाचले आणि रेणूच्या रचनेनुसार त्यांची मांडणी केली. कोणत्या रचनेमुळे कोणता रंग दिसतो, तो सुतावर कशाने टिकतो, उन्हाने का उडतो, हे सारे एका शिस्तीत आले. बंद खोलीतले व्यापारी गुपित त्यांनी शिकवता येईल असा विषय करून ठेवले. हे काम नव्या अभिक्रियेइतके चमकदार दिसत नाही, परंतु एका देशाला धंदा उभा करण्यासाठी त्याची गरज अधिक असते.

मात्र येथेही अतिशयोक्ती टाळावी. वेंकटरामन यांनी भारताला रंगांत स्वावलंबी केले, असे वाक्य गौरवलेखात सहज लिहिले जाते. ते अपुरे आहे. वलसाडजवळचा 'अतुल'चा कारखाना कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये स्थापन झाला आणि त्याला अमेरिकन कंपनीचे तांत्रिक साहाय्य होते. आयातीवरील बंधने, गिरण्यांची हुकमी बाजारपेठ आणि युडीसीटीतून बाहेर पडलेले शिकलेले तरुण या सर्वांचा त्यात वाटा होता. शिक्षक म्हणून वेंकटरामन यांचा वाटा शेवटच्या गोष्टीत आहे, आणि तो लहान नाही. त्यांचे विद्यार्थी डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक १९६६ मध्ये त्यांच्यानंतर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी ग्रामीण विकासासाठी तंत्रज्ञान या कामाला वाहून घेतले.

१९३८ : माटुंगा नव्हे, वर्धा

वेंकटरामन मुंबईत विभागप्रमुख झाले त्याच वर्षी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, वर्ध्याला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादी व ग्रामोद्योगांचे हे संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. एकीकडे गिरणीच्या कापडासाठी प्रयोगशाळेतला रंग शिकवला जात होता. दुसरीकडे चरख्याच्या सुताचा आणि गावातल्या कारागिरीचा विचार चालू होता. आपल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला या दोन वाटा एकमेकींच्या शत्रू वाटण्याची शक्यता आहे.

वेंकटरामन यांचे पुढचे संशोधन पाहिले तर असा सोपा निकाल देता येत नाही. पुण्यात संचालक असताना त्यांनी निसर्गातल्या रंगांकडे पुन्हा लक्ष वळवले. फणसाच्या जातीच्या झाडांच्या आणि तुतीच्या लाकडातील व सालीतील फ्लेव्होन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. १९६० च्या दशकात लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. ती धुताना जो लाल रंग पाण्यात उतरतो तो शतकानुशतके कापडाला आणि अळत्याला वापरला गेला. या रंगातील 'लॅकेइक आम्ल' हे एकच संयुग नसून अनेक जवळच्या संयुगांचे मिश्रण आहे, हे पुण्याच्या गटाने दाखवले आणि त्यांच्या रचना उलगडल्या. या कामात ई. डी. पंढरे, ए. व्ही. रामाराव आदी तरुण संशोधक होते.

म्हणजे कृत्रिम रंगांवर चौदाशे पाने लिहिणारा माणूस पळसाच्या फांदीवरच्या किड्याकडेही तितक्याच गंभीरपणे पाहत होता. नैसर्गिक रंग म्हणजे चांगला आणि कृत्रिम म्हणजे वाईट, किंवा याच्या उलट, अशी विभागणी त्याच्या अभ्यासात नाही. रेणूला आपण बागेत जन्मलो की चंचुपात्रात, हे ठाऊक नसते.

खर्चाची बाजू

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. १८९५ मध्येच लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने रंगकारखान्यांतल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळत असल्याचे नोंदवले होते. पुढे बेंझिडिनसारखी काही ॲरोमॅटिक अमाइने कर्करोगकारक असल्याचे निश्चित झाले. याच बेंझिडिनपासून सुताला सहज चढणारे स्वस्त ॲझो रंग बनत असत. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर कायद्याने बंदी घातली. भारतात बेंझिडिनजन्य ४२ रंगांवर १९९३ मध्ये आणि आणखी ७० ॲझो रंगांवर १९९७ मध्ये बंदीचा आदेश निघाला. पाण्याचे नुकसान वेगळेच. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा अंकलेश्वर व वापी अग्रभागी होती. ही दोन्ही रसायने व रंग यांच्या कारखान्यांची गावे आहेत.

याचा दोष एका ग्रंथकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण चिकित्सा करायची तर एक गोष्ट म्हटली पाहिजे. त्या पिढीच्या रंगरसायनाची चौकट कच्च्या मालापासून सुरू होई आणि रंग कापडावर पक्का बसला की संपे. कापडावर न बसलेला रंग नाल्यात गेल्यावर त्याचे काय होते, आणि तो ढवळणाऱ्या कामगाराच्या शरीरात काय जाते, हे प्रश्न त्या चौकटीच्या कडेला होते. रंग पाण्याने, उन्हाने, साबणाने तुटू नये यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी जिवाचे रान केले; नदीत तो तुटत नाही, ही त्याच यशाची दुसरी बाजू. आजच्या विद्यार्थ्याला ही चौकट मोठी करायची आहे. ती मोठी करण्यासाठी लागणारे रेणूंचे ज्ञान पुन्हा वेंकटरामन यांच्यासारख्यांच्याच कामातून मिळते. म्हणून गौरव आणि टीका या दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात आल्या पाहिजेत. टीका गाळली तर ते चरित्र जाहिरातीसारखे होते. गौरव गाळला तर विद्यार्थी रसायनशास्त्राकडे पाठ फिरवतो.

वर्गात काय करता येईल

शिक्षकांनी हे सारे एका तासात सांगावे असे नाही. एक तास मात्र असा घेता येईल.

संत्र्याची साल घ्यावी, आतला पांढरा भाग वर करावा आणि त्यावर चुन्याच्या निवळीचे काही थेंब टाकावेत. पांढरा भाग पिवळा पडतो. पळसाची वाळलेली फुले पाण्यात अर्धा तास उकळावीत, गाळलेल्या पाण्याचे तीन भाग करावेत. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यात चुन्याची निवळी घालावी, तिसऱ्यात लिंबू पिळावे. चुन्याने रंग गडद नारिंगी होतो, लिंबाने फिका पडतो. (निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि ती शिक्षकांनीच हाताळावी.)

दोन्ही प्रयोगांत घडते ते थोडक्यात असे. आम्लारीमुळे फ्लेव्हॅनोनचे मधले वलय उघडते आणि चाल्कोन तयार होते. चाल्कोनमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी लांब होते, म्हणून ते दृश्य प्रकाशातला निळा भाग शोषते आणि आपल्याला पिवळे-नारिंगी दिसते. लाहोरच्या प्रयोगात आम्लारीने गट हलवला होता आणि आम्लाने वलय मिटवले होते. येथे आम्लारी वलय उघडते. पदार्थांचे घराणे तेच आहे.

हे पाहून झाल्यावर फळ्यावर तीन नावे लिहावीत : बेकर, वेंकटरामन, महाल. तिसरे नाव पुस्तकात का नाही, असे विद्यार्थ्यांना विचारावे आणि त्यांना बोलू द्यावे. मग प्रयोगाचे उरलेले रंगीत पाणी कोठे ओतायचे, हाही प्रश्न त्यांच्याच पुढे ठेवावा. पळसाचे पाणी झाडाला घालता येईल. कारखान्याचे रंगीत पाणी तसे घालता येईल का, आणि नाही तर का नाही, याचे उत्तर शोधताना वर्ग आपोआप रेणूंपर्यंत पोचेल.

जन्मसाल आणि पद्मभूषणाचे साल यानंतर सांगितले तरी चालेल.